भंगारातले दोन फोन

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंगचा धूर नाकात गेला, की मला फुलसावंगीचं आमचं अंगण आठवतं.

आमच्या शेतात मोबाईलला रेंज नव्हती. रानडुकरांपासून तूर राखायला बाबा तिथेच राहत आणि घरी आईचा जीव टांगणीला लागे. एकदा मामाने पुसदच्या भंगारवाल्याकडून जुने दोन टेलिफोन आणि वायरचं भेंडोळं आणलं.

"हे भंगार कायले आणलं, दादा?" आईने विचारलं.

"तुह्या नवऱ्यासंग बोलाले," मामा म्हणाला.

त्याने अंगणात बसून तुटकी टोकं सोल्डर केली, मध्ये बॅटरी जोडली, वायर शेतापर्यंत ओढली आणि एक फोन बाबांजवळ ठेवला. मी रिसीव्हर कानाला लावला. आधी नुसती खरखर आली, मग अगदी कानाजवळ बाबा बोलले, "कोण, मुन्नी का?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी उत्तर देण्याआधीच आईने रिसीव्हर हिसकावला. "जेवले का?" तिने विचारलं, मग थोडा वेळ नुसतं ऐकलं आणि लाजून हसली.

मामाने पुढे अशा कितीतरी जोड्या गावात विकल्या. तेव्हा जादू वाटलेलं ते सर्किट आता मला वहीत सहज काढता येतं. पण बाबा त्या दिवशी काय म्हणाले, ते आई मला अजूनही सांगत नाही.