मायच्या प्रार्थनेतलं शेवटचं नाव

घरातलं माणूस गेलं की त्याचे किस्से कुठून कुठून गोळा होतात, कळत नाही. मायला मातीआड करून जळगावच्या घरी आलो. मी, मोठा दादा आणि वहिनी बसलो होतो. दादा म्हणाला, "ते मिठाचं आठवतं?" आणि आम्ही तिघं चक्क हसलो! भेटायला आलेली माणसं चहाचे कप धरून आमच्याकडे बघत राहिली.

*

आमची माय मूळची धुळ्याकडची, बोलायची अहिराणीत. भांडण तिला जमायचंच नाही. कुणाबद्दल काही म्हणायचं असलं की जेवणाआधीच्या प्रार्थनेत, डोळे मिटून, मोठ्यानं थेट देवाला सांगायची. आम्ही समोरच!

वहिनी लग्न होऊन आली त्याच आठवड्यात माय म्हणाली, "देवा, या अन्नले आशीर्वाद दे. सूननी मन लाईसन कयं. मीठ तेवढं राही गयं."

वहिनी उठून आत पळाली. तोवर माय गावातले आजारी, परीक्षेला बसलेली पोरं, सगळ्यांसाठी प्रार्थना करत राहिली. मिठाची वाटी ताटाशेजारी टेकल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे आमेन!

*

वडिलांनी विडी सोडल्याचं जाहीर केलं होतं. एका संध्याकाळी प्रार्थना सुरू झाली, "देवा, यासना खिसामा जे शे, ते तुले दिसस ना?"

वडिलांनी मिटल्या डोळ्यांनीच विड्यांचं बंडल काढून टेबलावर ठेवलं. सकाळी ते चुलीत गेलं.

*

प्रार्थनेचा शेवट ठरलेला असायचा. घरातल्या एकेकाचं नाव घ्यायची, आणि सगळ्यात शेवटी, जरा थांबून, "आनि मना परकाश." म्हणजे मी, धाकटा. माझं नाव आलं की आता जेवायला मिळणार, हे नातवंडांना पाठ होतं.

*

नोकरीला धुळ्याला आलो आणि माझं चर्च सुटलं. भांडण कुणाशीच नव्हतं. रविवारी झोप यायची, एवढंच. माय मला कधी एक शब्द बोलली नाही.

एकदा ऑफिसात तिचा फोन आला. हातात फायली, म्हणून स्पीकरवर टाकला. हॅलो नाही की काही नाही, सरळ प्रार्थना! "देवा, हाऊ मना धाकला पोऱ्या. याले रविवारना दिन तूच उठाड. माले काई जमनं नही."

सगळा स्टाफ एका सुरात म्हणाला, "आमेन!" मी तेवढा गप्प.

हेडक्लार्क पाटील नाना चष्मा पुसत म्हणाले, "भाऊ, आईसाठी तरी एखाद्या रविवारी जाऊन ये ना." मी हो म्हणालो. गेलो नाही.

*

वडील गेले तेव्हा चर्चच्या पाळकसाहेबांनी कबरीपाशी लांबलचक प्रार्थना केली. ती संपल्यावर माय हळूच पुढे झाली.

"देवा, यासले चार वाजता चहा लागस. बिनसाखरना. आते तूच देखी ले."

पाळकसाहेबांनी रुमाल काढला.

*

मग ती विसरायला लागली. आधी नातवंडांची नावं गळली. प्रार्थना लवकर संपते म्हणून पोरं खूश झाली! मग वहिनीचं नाव गेलं. एका शनिवारी दादाचंही गेलं. तिला अंघोळ घालणारा, घास भरवणारा दादा. तो ताटाकडे बघत बसला.

"आनि मना परकाश" मात्र शाबूत होतं. मला आतून बरं वाटलं. आज त्याची लाज वाटते. तेव्हापासून दर शनिवारी धुळ्याहून एसटीनं यायचो, ते एक नाव ऐकायला. एक दिवस तेही जाणार, ही भीती होतीच.

*

शेवटी एका रविवारी मी आपणहून उठलो. मायला पांढरं लुगडं नेसवायला वहिनीला सांगितलं, व्हीलचेअरवर बसवून चर्चला नेलं. मी आत पाऊल ठेवत होतो ते अकरा वर्षांनी. तिनं ते बघावं, एवढंच मला हवं होतं.

मी तिच्या शेजारी बाकावर बसलो. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"कोना पोऱ्या शे रे तू?"

तिनं माझा हात हातात घेतला, डोळे मिटले.

"देवा, हाऊ पोऱ्या कोन शे, माले म्हाईत नही. पन यानी माय घर वाट देखी ऱ्हायनी व्हई. याले लवकर घर धाडी दे."

आणि ती थांबली. आमेन म्हणायचं विसरली होती.

मी म्हणालो.