एक वेणी का दोन?

काकू माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी केसांकडे. माझ्याकडे बघताना मात्र थेट तोंडाकडेच बघायच्या. वर थांबण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पंचवटीतल्या आमच्या गल्लीत त्या समोर राहायच्या, एकट्या. बहिणीच्या लांबलेल्या आजारपणात तिच्या केसांचा पार गुंता झाला, शेवटी ते कापावे लागले. ती गेल्यावर काकू फणी आणि तेलाची बाटली घेऊन सरकारी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात जाऊ लागल्या. जिच्याजवळ कुणी नाही, तिची वेणी घालायची.

त्याच सुमारास सातपूरच्या कंपनीनं मला व्हीआरएस देऊन घरी बसवलं होतं. मी दिवसभर क्रिकेट बघायचो. निकाल पाठ असलेली जुनी मॅचसुद्धा श्वास रोखून. एकदा वीज गेली, तरी मी बराच वेळ काळ्या पडद्यासमोर बसून होतो. बायकोनं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला काकूंचा स्कूटरवाला नेमलं.

मी वॉर्डाच्या दाराशी उभा राहायचो. पेठ तालुक्यातली एक बाई तिथं आल्यापासून कुणाशी बोलली नव्हती. काकूंनी तिला विचारलं, "एक वेणी का दोन?" बाई भिंतीकडे बघत राहिली. काकू फणी हातात धरून थांबल्या. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "दोन."

परतताना काकू म्हणाल्या, "सुया टोचताना तिला कोण विचारतंय? निदान एवढं तरी विचारावं."

मग मलाही पुरुषांच्या वॉर्डात नखं कापायला बसवलं. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी हात मागे घेतला. "एक नख तरी ऱ्हाऊ दे भाऊ, खाजवाया लागंल." सगळा वॉर्ड हसला. घरी आलो तेव्हा मॅच संपून गेली होती. कोण जिंकलं ते विचारायचंही राहिलं.

पुढे काकूंचा हात थरथरू लागला. आधी त्यांनी माझ्या स्कूटरच्या दणक्यांना नावं ठेवली. मग एक दिवस फणी एका मुलीच्या कानाला लागली. मुलगी नुसती आक्रसली. दुसऱ्या दिवशी मी खालून हॉर्न वाजवला, काकू उतरल्या नाहीत.

वर गेलो तर टीव्हीसमोर बसलेल्या, आवाज बंद करून. कोणती मालिका, विचारलं, तर म्हणाल्या, "काय की."

वेणी नाही तर नाही, नुसतं वॉर्डातल्या बायकांजवळ बसा, असं मी सुचवलं.

"नुसते बसणारे खूप येतात," त्या म्हणाल्या. "केळी आणतात आणि घड्याळ बघतात."

मी हुशारी केली. सरावासाठी स्वतःचं डोकं पुढे केलं. त्या हसल्या, खूप दिवसांनी. चार केसांतून फणी फिरवली आणि ती हातातून निसटली. मी उचलून दिली, त्यांनी घेतली नाही. "ठेव तुझ्याकडे. आणि तू जाणं बंद करू नकोस. तिथं वाट बघत असतात."

महिन्याभरात काकू पडल्या आणि त्याच वॉर्डात आल्या. भेटायच्या वेळेत मी गेलो. केळी घेऊन. स्टुलावर बसलो, घड्याळ बघितलं, आणि काकू माझ्याकडे बघतायत हे लक्षात आलं. त्यांच्या केसांचा उशीवर गुंता झाला होता.

खिशातून फणी काढली. "काकू, एक वेणी का दोन?"

त्यांनी थरथरती दोन बोटं वर केली. मला एकही येत नव्हती.

"खालून सोडवत या, दादा," शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली. "वरून ओढलं का दुखतंय."

वेण्या झाल्या. एक जाड, एक बारीक, आणि भांग पार वाकडा. सिस्टर म्हणाल्या, सोडून नीट घालते. काकूंनी वेणीवर हात ठेवला आणि काढला नाही.

दोन दिवसांनी काकू गेल्या. त्यांना न्यायला आम्ही गल्लीतले सगळे गेलो, तेव्हा वेण्या तशाच होत्या.