गड्डी संपल्यावर

पत्त्यांच्या त्या लढाईच्या खेळात दोघांची आपापली गड्डी असते. पाळी आली की आपल्या गड्डीतून एक पान उचलावंच लागतं. गड्डी संपली म्हणून कोणी हरत नाही. पुढची पाळी येते आणि उचलायला पान नसतं, तेव्हा माणूस हरतो. डॉक्टरांनी आता उपचार नाहीत म्हणून ह्यांना चौबे कॉलोनीतल्या घरी पाठवलं, त्यानंतर आमच्या पोट्टीनं आपल्या पप्पांना हा खेळ शिकवला. मला त्या पत्त्यांचा रागच यायचा.

त्या संध्याकाळी ह्यांची गड्डी संपली. पाळी पोट्टीची होती आणि ती नुसतीच बसून राहिली. इकडे वाढलेला वरणभात थंड होत होता.

"काहून रखडून राहिली वं? टाक पान आन् आटप," मी ओरडले.

"अभी मेरी बारी है, मम्मी. सोच रही हूँ," ती मान वर न करता म्हणाली.

तिच्या हातात एकच पान होतं. एका पानाचा एवढा काय विचार, असं ओठांवर आलं होतं, तेवढ्यात माझं ह्यांच्याकडे लक्ष गेलं. हे भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होते. त्यांनीही आपली पाळी मागितली नाही.