पहिल्या सफीतला घोळणा

हडपसरला माझ्या सासरी माझ्या नाकावर कोणाचाही विश्वास नाही. माणूस म्हणून मला बरा समजतात, जावई म्हणून खपवून घेतात. पण नाकाचं नाव काढू नका. याला मिसळ जबाबदार आहे. (मीही आहेच, पण आधी मिसळ.)

झालं असं, की नसीमला बघायला जायचं ठरलं ते शुक्रवारी. मध्यस्थ आमचे रफिकमामू. मुलीचे वडील कासमसाहेब एका दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर, स्वभावाने करडे आणि नमाजेचे पक्के. "जुम्याची नमाज त्यांच्याबरोबर पढायची, मग घरी चहा," मामूंनी बजावलं. "तुला मुलगी आवडलीय हे ठाऊक आहे मला. प्रश्न आहे तू कासमसाहेबांना आवडण्याचा. आजवरची सगळी स्थळं त्यांनी परत पाठवलीत!" नसीमला मी मावसबहिणीच्या लग्नात पाहिलं होतं, आणि तेव्हापासून माझ्या पंखेदुरुस्तीच्या दुकानात मोटारींच्या तारा उलट्या गुंडाळत होतो. हे स्थळ हातचं गेलं असतं तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

जुम्याची आंघोळ म्हणजे साधी आंघोळ नव्हे. चूळ भरायची, नाकात पाणी ओढायचं, अंगावर केसाएवढी जागा कोरडी राहता कामा नये. अम्मी मोरीच्या दाराबाहेर उभी.

"कानामागे?"

"झालं!"

"बेंबी?"

"अम्मी, मी लग्नाला आलोय!"

"म्हणूनच विचारते!"

(घरात आम्ही दखनी बोलतो, पण हा संवाद कुठल्याही भाषेत तितकाच लाजिरवाणा आहे.) बाहेरून पाहता माझ्यात आता काही कमी नव्हतं. पण आतला बंदोबस्त कोण करणार? बिबवेवाडीच्या चौकात मामूंनी स्कूटर थांबवली. "रिकाम्या पोटी माणूस बावळट दिसतो," असं म्हणून मिसळ मागवली. मी वर दोनदा सॅम्पल, म्हणजे नुसता झणझणीत रस्सा, मागून घेतलं.

मशिदीत वजू करताना, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुताना, कासमसाहेब माझ्या कोपरांकडे डोळे बारीक करून बघत होते. कोपरं नीट भिजली. त्यांनी मान डोलावली. मनात म्हटलं, जमलं! मग त्यांनी मला अगदी पहिल्या सफीत, पहिल्या रांगेत, आपल्या शेजारी उभं केलं. उजवीकडे ते, डावीकडे मामू, खांद्याला खांदा.

पहिल्याच सजद्यात कपाळ जमिनीला टेकलं आणि मिसळीने मागची वाट धरली. आवाज झाला नाही, ही अल्लाहची मेहेरबानी. पण वजू मोडला! आणि वजूशिवाय नमाज म्हणजे नुसती कवायत. जागचा हललो नाही तर कोणाला पत्ता लागणार नव्हता. हललो तर सगळ्या मशिदीला लागणार! बरं, उठायचं कोणाच्या शेजारून? ज्यांची मुलगी मागायला आलो त्यांच्याच!

तेवढ्यात लहानपणी मौलवीसाहेबांनी शिकवलेलं आठवलं. असं झालं तर नाक धरून बाहेर पडावं, लोकांना वाटतं घोळणा फुटला. वाहत्या रक्तानेही वजू मोडतोच. म्हणजे नियम तोच, फक्त इभ्रत शाबूत. केवढी ही सोय! मी रुमाल नाकाला लावला, सफींमधून वाट काढत बाहेर पडलो, नव्याने वजू केला आणि गुपचूप शेवटच्या सफीत जाऊन उभा राहिलो. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो. कासमसाहेब कंपाउंडर आहेत, हे तेवढं विसरलो होतो.

नमाज संपते न संपते तोच ते माझ्यापाशी हजर! "हलू नका! मान खाली!"

"खाली कसली? वर करा, वर!" मागून कोणीतरी ओरडलं.

माझी मान हातपंपासारखी वरखाली व्हायला लागली. एकाने टाळूवर तांब्याभर थंड पाणी ओतलं. दुसऱ्याने समोरच्या हातगाडीवरून कांदा आणला आणि फोडून नाकाशी धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी! "किती सोसतोय बिचारा," एक आजोबा हळहळले.

मामू कानाशी लागले. "अरे सलीम, कधीपासून आहे हे?"

"मिसळीपासून."

त्यांना काही कळेना.

घरी पोचलो तेव्हा मी निथळत होतो आणि अंगाला कांद्याचा वास येत होता. कासमसाहेबांनी लगेच रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं.

"नेहमी होतं?"

"नाही, पहिल्यांदाच."

"म्हणजे काहीतरी नवीनच उपटलंय!"

मी घाबरून फिरवलं. "तसं लहानपणी व्हायचं."

"म्हणजे जुनं दुखणं!"

पट्टा आवळला. रक्तदाब वाढलेला! (वाढेल नाहीतर काय?) नसीमची आत्या पदर सावरत म्हणाली, "रक्ताचं काही असलं तर पोरीच्या जन्माचं नुकसान हो!"

कासमसाहेबांनी यंत्र मिटलं. "मुलगा वाईट नाही. पण आधी सगळ्या तपासण्या होऊ द्या. लग्नाचं नंतर बघू."

पुण्यात 'नंतर बघू'चा अर्थ सगळ्यांना कळतो. मामू चपला शोधायला लागले. मला रडू यायचंच बाकी होतं, आणि आता निमित्ताला कांदाही नव्हता.

तेवढ्यात नसीम चहा घेऊन आली. ट्रे ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "रुमाल बघू?"

मी दिला. पांढराशुभ्र! अम्मीने नीळ घालून धुतलेला.

"रक्त कुठंय?"

वर पंखा खडखडत होता. (बेअरिंग गेलं होतं. अशा वेळीही धंदा सुचतो!) "घोळणा फुटला नव्हता," मी चहाच्या कपाला सांगितलं. "वजू मोडला होता."

आत्याने पदर तोंडात कोंबला. मामूंनी सापडलेली चप्पल पुन्हा खाली ठेवली.

"बाहेर तरी गेले ना, अब्बा," नसीम म्हणाली. "तसेच उभे राहिले असते तर कोणाला कळणार होतं?"

"मला कळलं होतं," कासमसाहेब गंभीरपणे म्हणाले. "पण मला आपलं वाटलं, यांच्या मामूंचं काम असेल."

"माझं?" मामू किंचाळले.

कासमसाहेब माझ्याकडे वळले. "सकाळी काय खाल्लंत?"

"मिसळ. आणि दोन सॅम्पल."

त्यांनी कपाटातून ओव्याच्या अर्काची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. "रक्ताचं असतं तर नाही म्हणालो असतो. वायूला माझ्याकडे औषध आहे. कोमट पाण्याबरोबर घ्या." यालाच होकार समजायचं, असं नसीमने डोळ्यांनी सांगितलं. मी एका घोटात निम्मी बाटली संपवली.

याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात, त्याच मशिदीत, त्याच पहिल्या सफीत, आयुष्यात पहिल्यांदा माझा घोळणा खरोखर फुटला. नाक धरून बाहेर धावलो. नमाज सुटली तेव्हा झब्ब्यावर लाल थेंब, रुमाल भिजलेला, आणि मी हौदापाशी ओरडतोय, "अहो, रक्त! खरंच रक्त!" जुना किस्सा ठाऊक असलेली माणसं गालात हसत बाजूने निघून गेली. शेवटी कासमसाहेब काठी टेकत आले. नजर अधू झालीय, पण माणूस कंपाउंडर! माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी खिशातून बाटली काढली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "कोमट पाण्याबरोबर घ्या."