अश्वजितला सांगून ठेवा

आमच्या नालवाडीत कुणाच्या पोराला नोकरी हवी असली, की आधी अश्वजितला सांगून ठेवायची पद्धत आहे. कुठे भरती आहे, कुठल्या दुकानाचा माणूस काम सोडून पळाला, सगळं त्याला ठाऊक. नुसतं सांगून तो थांबत नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघतो, पोराला गाडीवर बसवून मुलाखतीला नेतो, वाटेत त्याला बोलायला शिकवतो आणि बाहेर टपरीवर वाट पाहत बसतो.

झालं काय, की तो स्वतः बेकार आहे हे वस्तीत कुणाच्या डोक्यातच आलं नाही. रोज इस्त्री करून निघणारा माणूस रिकामा कसा असेल? त्यालाही सांगायची लाज. दुसऱ्यासाठी शब्द टाकायला हा सदा तयार. स्वतःचं आलं की मूग गिळून गप्प.

शेवटी पुण्याच्या मामानं गोदामात काम पाहून ठेवलं. सोमवारी निघायचं ठरलं. आई जिजाबाई मागे एकटी राहणार होती. त्याला जायचं नव्हतं, तिला पाठवायचं नव्हतं, आणि दोघं एकमेकांना पुणं किती चांगलं ते सांगत होती.

रविवारी विहारात वर्षावासाचा समारोप होता. तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला तो अश्वजितनंच, म्हाताऱ्या बायांनाही कळेल असा थांबून थांबून. खीरदान सुरू असताना प्रेमदासजी त्याच्याजवळ आले. वर्ध्याच्या एका खाजगी दवाखान्याचा कारभार ते पाहतात.

"चौकशीच्या खिडकीवर मानूस पाह्यजे. घाबरलेल्या लोकाईले नीट समजावून सांगनारा. हाय का कोनी?"

"शेजारच्या रजतले पाठवतो न, रिकामाच हाय तो," अश्वजित म्हणाला. सवयच ती.

जिजाबाई खीर वाढत होती. तिचा हात थांबला. "रजतले काऊन? हा घरीच बसून हाय न बाप्पा!"

प्रेमदासजी अश्वजितकडे वळले. "काऊन रे, तू तं रोज ड्युटीवर जातं न?"

"लोकाईले पोचवाले जातो, काका."

पंगतीतल्या निम्म्यांना त्यानंच कामाला चिकटवलेलं. ते सगळे मान खाली घालून खीर खात होते. मला भारी राग आला. एकालाही कधी विचारावंसं वाटू नये?

"मंग तुह्यासाठी शब्द कोन टाकन?" प्रेमदासजींनी विचारलं.

"मी टाकतो," जिजाबाई म्हणाली आणि त्यांच्या वाटीत आणखी खीर वाढली.

सोमवारी अश्वजित तसाच इस्त्रीचा शर्ट घालून निघाला, पण पुण्याला नाही, प्रेमदासजींच्या दवाखान्यात कामाला. जिजाबाईनं दारात त्याच्या हातात डबा दिला. इतक्या वर्षांत तिनं त्याला डबा कधी दिला नव्हता. दुपारी तो जेवायला घरीच यायचा.