डॉक्टरांच्या नावाने

रविवारी सकाळी मी आठवडाभराचं बोलणं लिहून टाकते. माझं नाही, इतरांचं. रावेरच्या केळीच्या व्यापाऱ्याच्या, धुळ्याच्या क्लासवाल्या सरांच्या आणि जळगावच्या हाडांच्या डॉक्टरांच्या नावाने रोज एकेक पोस्ट पडते, ती माझी. दहा मिनिटांत एक, असा हात बसलाय. सुरुवातीला प्रश्न, मध्ये एखादा अनुभव, शेवटी 'तुम्हाला काय वाटतं?' मला काय वाटतं हे कुणी विचारत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही आता फारसं काही वाटत नाही. ताप असो, पाहुणे असोत, सकाळी सातला पोस्ट पडली म्हणजे झालं.

डॉक्टरांचं पान सगळ्यात जास्त चालतं. ते कामात बुडालेले. महिन्यातून एकदा फोनवर पाच मिनिटं बोलतात, त्यातून मी महिना काढते. वरचा जिव्हाळा माझ्या पदरचा. मी लिहिते हे कुणाला सांगायचं नाही, असं ठरलंय.

आईलाही सांगितलं नव्हतं. ती साक्रीजवळ आमच्या गावी असते. दोन वर्षांपासून गुडघ्यांनी तिला बेजार केलंय. चष्मा लावून ती डॉक्टरांच्या पोस्ट वाचायची आणि मलाच पाठवायची. मी अंगठ्याचं चित्र टाकून मोकळी व्हायचे. फोनवर म्हणायची, "डॉक्टर कितलं मायानं लिखस! ऑपरेशन करसू ते त्याच डॉक्टरकडे." धुळ्यालाही चांगले डॉक्टर आहेत, जवळ पडेल, असं मी सांगून पाहिलं. ऐकेल तर शपथ. तसं मीही जास्त ताणलं नाही, कारण डॉक्टरांचा हात खरंच चांगला आहे.

शेवटी तिला जळगावला आणलं. दवाखान्यात ही गर्दी. दोन तासांनी नंबर लागला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, दोन्ही गुडघे बदलावे लागतील म्हणाले आणि पुढची फाईल ओढली. त्यांचंही काही चुकलं नाही, बाहेर माणसं जिन्यापर्यंत उभी होती.

आई उठली नाही. पदर सावरून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच लिखेल व्हतं ना, 'भ्याव वाटनं ते लाजू नका, माले ईचारा.' म्हनीसन ईचारस. माले भ्याव वाटस. मी परत चालसू ना?"

"मी? कुठे लिहिलं?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या गुडघ्याकडे बघत बसले. मग ते सावरले. "हो हो, लिहिलं होतं. चालाल मावशी, नक्की चालाल." चांगल्या मनानेच म्हणाले. पण आईने तोवर आमच्या दोघांचेही चेहरे पाहिले होते.

रिक्षात तिने एक्स-रेचं पाकीट मांडीवर नीट ठेवलं. मग म्हणाली, "ते तूच लिखस ना?"

"हो."

आता ही ऑपरेशनच नको म्हणणार आणि जन्मभर भिंत धरून चालणार, त्याला कारण मी. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. पण ती म्हणाली, "करसू मी ऑपरेशन. डॉक्टर चांगला शे." रिक्षा सिग्नलला थांबली. ती बाहेर बघत होती.

"पन दोन वरीस मन्हा गुडघा दुखी राह्यनात," ती म्हणाली, "तू माले एकदाबी ईचारं नही, भ्याव वाटस का म्हनीसन."

मी तिथल्या तिथे विचारायला गेले. पण जे वाक्य तोंडावर आलं, ते तिने डॉक्टरांच्या नावाने आधीच वाचलेलं होतं.