अण्णांच्या कपाटातली मोकळी जागा

दवाखाना उघडायच्या आधीच अण्णांच्या पत्नीचा, मालूअक्कांचा फोन आला. "डॉक्टर, अण्णा झोपेतच गेले हो. कॉलेजात कुणाला कळवायचं, तेवढं तुम्ही बघा." पहिल्या वाक्यानं मी सुन्न झालो आणि दुसऱ्यानं चकित... कारण याच गोष्टीला अक्कांचा ठाम नकार होता.

अण्णा मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवत. मी देशपांडे नगरातला दातांचा डॉक्टर. आमची दोस्ती जमली ती कवळीच्या मसाल्यामुळे. ते गुलाबी मिश्रण अण्णा माझ्याकडून हक्कानं नेत, देहदानातून आलेल्या हृदयाच्या धमन्यांत भरत आणि ते घट्ट झालं की मांस आम्लात विरघळवत. मागे उरे धमन्यांचं नाजूक गुलाबी झुडूप. कॉलेजात कपाटभर झुडपं होती, पण एकासारखं दुसरं नव्हतं. कुणाची फांदी आखूड, कुणाला एखादी जास्तीची. "पुस्तकातलं हृदय पुस्तकातच असतंय बघा," म्हणत अण्णा खूश होत. कपाटात एकच जागा त्यांनी मोकळी राखली होती. हृदयाला मागून वळसा घालणारी फांदी सहसा डाव्या धमनीतून फुटते. ती उजवीतून फुटलेलं हृदय काही त्यांना निवृत्तीपर्यंत मिळालं नाही.

पुढं एकदा छातीत दुखलं म्हणून त्यांची अँजिओग्राफी झाली. दुखणं पित्ताचं निघालं, पण पडद्यावर ती फांदी दिसली... उजवीतून फुटलेली! धोका काही नाही, असं डॉक्टर समजावत होते आणि अण्णा पडल्या पडल्या हसत होते. संध्याकाळी मला म्हणाले, "अहो, जन्मभर दुसऱ्यांच्यात शोधलं, आणि निघालं माझ्याच छातीत की!" आता देहदान करायचं आणि ती जागा आपणच भरायची, हे त्यांनी ठरवूनच टाकलं.

अक्का भडकल्या. "एवढा संसार केला तो यांना कपाटात ठेवायला? आणि तेही कवळीच्या रंगात? मी देणार नाही जा!" अण्णांनी पुन्हा विषय काढला नाही. त्या मोकळ्या जागेबद्दल माझ्याशी बोलत, पण अक्का चहा घेऊन आल्या की गप्प होत. त्यांचं हे गप्प होणं मला फार आवडायचं.

त्या सकाळी मी पोचलो तेव्हा अक्का त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. "एकदा नको म्हटलं, तर परत विचारलंसुद्धा नाही हो यांनी," त्या म्हणाल्या. "आता मी कशाला अडवू?" मग उठून कपाटातून लग्नातली इरकल काढली आणि लाल पदराचा तुकडा कापून माझ्या हातात दिला. "पण ते गुलाबी नको. हा रंग घाला."

कॉलेजनं परवानगी दिली. रंग मीच कालवला, पदराचा तुकडा शेजारी ठेवून.

गेल्या आठवड्यात अक्कांना कॉलेजात घेऊन गेलो. गुलाबी रांगेत ते एकटंच लाल. अक्का काचेला नाक लावून बघत राहिल्या. "ती उजवीकडची फांदी कुठली हो?" मी बोटानं दाखवली.

"ही होय?" अक्का म्हणाल्या. "एवढ्याशा फांदीसाठी लहान पोरासारखे नाचत होते!" आणि अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच त्या खळखळून हसल्या.